‘येतो’ म्हणायचं नाही

मुलांनो, माझ्याबरोबर जरा एका दारात येऊन उभे राहा.

घाटकोपरहून साकीनाक्याकडे निघालं की वाटेत असल्फ्याची टेकडी लागते. तिच्या अंगावर घरं चढत गेली आहेत, आणि घरांच्या मधून बोळ. बोळ असे की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला मिटावं लागतं. त्यातल्या एका निळ्या दाराच्या उंबऱ्यावर तुम्ही उभे आहात. तुमच्या घरी आलेले काका आता निघाले आहेत. पायात चप्पल सरकवून ते मागे वळतात आणि काय म्हणतात? “येतो.” मावशी निघते. ती म्हणते, “येते गं.” जायचं असतं, पण कुणी ‘जातो’ म्हणत नाही. हे तुम्ही इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते आता कानाला कळतही नाही.

आता मनात असं आणा. तुमच्या घरी रोज माणसं येत आहेत. येतात, सतरंजीवर बसतात, पाणी पितात, तुमच्या डोक्यावरून हात फिरवतात. मग उठतात आणि एक शब्दही न बोलता निघून जातात. आज तेच, उद्या तेच, परवाही तेच. ‘येतो’ कुणीच म्हणत नाही.

तुम्हाला काय वाटेल? पुढे वाचायच्या आधी थोडा विचार करा. क्षमा तेव्हा तिसरीत होती. तिनंही विचार केला होता.

साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. क्षमाचे वडील शिवदास आढाव साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीन चालवायचे. आईचं नाव अनुपमा. तिला दमा होता, पण हसायला लागली की दम्याचंही ऐकायची नाही. हे कुटुंब ख्रिस्ती, मूळचं नगरकडचं. रविवारी तिघं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला जायची. बोळातली बाकी घरं बहुतेक कोकणातली, कधीकाळी गिरण्यांत कामाला म्हणून आलेली. शेजारच्या शेवंती आजी मालवणकडच्या. दोन्ही घरांच्या मधली भिंत एवढी पातळ की इकडे क्षमाला उचकी लागली की तिकडून आजी विचारायच्या, “कोण आठवण काढता गो तुझी?”

गणपतीच्या आधीच्या एका शुक्रवारी दुपारी अनुपमाचा श्वास अडकला. शिवदास कामावर होते. टेकडीवर गाडी चढत नाही, म्हणून शेजारच्या नंदकिशोरनं आणि आणखी दोघांनी तिला लोखंडी खुर्चीत बसवून खाली टॅक्सीपर्यंत न्यायला खुर्ची उचलली. शेवंती आजी तिचा हात धरून बरोबर चालू लागल्या. क्षमा नुकतीच शाळेतून आली होती. ती गणवेशातच उंबऱ्यावर उभी राहिली. आईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. मग खुर्ची पिठाच्या गिरणीपाशी वळली आणि दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अनुपमा हॉस्पिटलमध्ये वारली.

दफनविधी झाला आणि घरी माणसांची रीघ लागली. शेवंती आजींनी आपलं घर अर्ध्यावर सोडलं आणि आढावांचं घर हातात घेतलं. चहा त्यांच्याकडून, भाताचं पातेलं त्यांच्याकडून, आणि दाराची राखणही त्यांचीच. ज्या घरात मरण झालं तिथून उठताना ‘येतो’ म्हणायचं नाही, ही त्यांच्या गावची रीत. अशा कामासाठी पुन्हा यावं लागू नये, एवढाच तिचा अर्थ. मंडळीतले लोकही याच मुलखात वाढलेले. त्यांनाही ती रीत ठाऊक होती. कुणी चप्पल शोधू लागलं की आजी दारात उभ्या राहून तोंडावर बोट ठेवायच्या, आणि माणूस मुकाट्यानं निघून जायचा.

क्षमाला हे कुणीच समजावलं नव्हतं. तिनं फक्त पाहिलं. मामा नगरला परत गेला, न बोलता, आणि त्यानंतर फिरकला नाही. मंडळीतल्या बायका आधी घोळक्यानं यायच्या, मग दोघी दोघी, मग कुणीच नाही. त्याही न बोलताच गेल्या होत्या. आणि सगळ्यांत आधी आई. तीही ‘येते’ म्हणाली नव्हती.

तेव्हा क्षमानं मनाशी उत्तर काढलं. जो ‘येतो’ म्हणत नाही, तो येत नाही.

हसू नका. तिच्याजवळ जेवढं होतं तेवढ्यावरून तुम्हीही हेच उत्तर काढलं असतं.

शिवदास पुन्हा कामावर निघाले त्या सकाळी क्षमानं त्यांच्या शर्टाचं टोक धरलं.

“बाबा, येतो म्हणा.”

“सोड बाळा. बस जाईल.”

“आधी म्हणा.”

शिवदासनी तोंड उघडलं. पण त्या शुक्रवारी सकाळी डबा घेताना त्यांनी हाच शब्द अनुपमाला म्हटला होता, आणि ते परत आले तेव्हा घराला कडी होती. शब्द घशापर्यंत आला आणि तिथंच राहिला. क्षमानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, शर्ट सोडला आणि उंबऱ्यात आडवी बसली.

“मग जायचं नाही.”

“अगं, ओलांडून जाऊ का तुला?”

“नाही. जायचंच नाही.”

ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. ते नळावर गेले तर क्षमा मागे, रॉकेलच्या रांगेत गेले तर क्षमा मागे. शाळा तर तिनं सोडूनच दिली, कारण ती शाळेत गेली आणि तेवढ्यात बाबा कुठं गेले तर? एका संध्याकाळी वर्कशॉपचा फोरमन टेकडी चढून आला.

“शिवदास, तुझं मशीन किती दिवस झाकून ठेवू रे? वरचे म्हणतात दुसरा माणूस बसवा. मी आजवर थांबवलं. पण यार, मी तरी किती थांबवणार?”

शिवदासनी क्षमाकडे पाहिलं. ती फोरमनच्या चपलांकडे पाहत होती. तो उठला आणि एक शब्दही न बोलता निघून गेला.

आता पाळकसाहेबांबद्दल सांगायला हवं. मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री, मार्तंड रणनवरे मुलुंडला राहायचे. इतके उंच की आढावांच्या दारातून वाकून आत यायचे आणि तरीही कधी कधी कपाळ आपटायचं. रविवारी त्यांचा उपदेश सुरू झाला की मागच्या बाकावरचे काका डुलक्या घ्यायचे. हे पाळकसाहेबांना दिसायचं, आणि काकांची झोप मोडू नये म्हणून ते आवाज आणखी बारीक करायचे. मग पुढच्या बाकांनाही काही ऐकू यायचं नाही. पण दुःखाच्या घरी ते दर आठवड्याला जायचे, बाकीचे यायचे थांबले तरी. आढावांकडे त्यांचा वार मंगळवार होता. ते यायचे, शिवदासशेजारी भिंतीला टेकून बसायचे. शिवदास बोलले तर ऐकायचे. नाही बोलले तर दोघंही समोरच्या फडताळाकडे बघत बसायचे. उठण्याआधी दोन वाक्यांची प्रार्थना करायचे.

पहिल्या भेटीत निघताना ते सवयीनं म्हणाले होते, “येतो हं क्षमा.”

शेवंती आजी दारातच होत्या. “ओ पाद्रीबाबा! काय ता बोलणा! मयताच्या घरातून ‘येतो’ म्हणून उठतत?”

“चुकलो आजी.”

“एवढे शिकले सवरलेले तुम्ही.”

“शिकलो, पण हे राहिलं.”

“मग आता शिका,” आजी म्हणाल्या आणि तोंडावर बोट ठेवलं.

पाळकसाहेब त्यानंतर नुसते हात जोडून निघायचे. ख्रिस्ती माणसाला ती रीत पाळायची सक्ती नव्हती. पण या घराला सगळ्यांत जास्त आजींनीच सांभाळलं होतं. त्यांचं मन कशाला दुखवा, असं पाळकसाहेबांना वाटलं. ते आजींचा चेहरा पाहून निघायचे. क्षमाचा चेहरा पाहायचं मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

गणपती गेले. नवरात्र तोंडावर आलं. बोळाच्या तोंडाशी मुलं मंडपाचे बांबू उभे करू लागली. त्या मंगळवारी पाळकसाहेब आले, बसले, प्रार्थना केली, हात जोडले आणि वाकून बाहेर पडले. क्षमानं भिंतीला टेकलेल्या बाबांकडे पाहिलं. ते कुठं जाणार नव्हते. मग ती उठली आणि अनवाणी पळत सुटली.

पाळकसाहेबांचा एक पाय बसच्या पायरीवर होता, तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरची पिशवी मागून ओढली गेली.

“क्षमा? अगं, चप्पल कुठाय तुझी?”

“तुम्हीपण आता येणार नाही ना?”

कंडक्टरनं दोरीला हात घातला. “साहेब, चढताय का? की पोरगी चढतेय?”

“जाऊ द्या,” पाळकसाहेब म्हणाले. घंटी दोनदा वाजली आणि बस गेली.

पानाच्या टपरीशेजारी एक दगड होता. त्यावर ते बसले. बसल्यावर त्यांचं डोकं क्षमाच्या डोक्याएवढं झालं.

“मी येणार नाही असं का वाटलं तुला?”

“तुम्ही येतो म्हणाला नाहीत.”

“पण मी तर दर मंगळवारी येतोय. मागचे कितीतरी मंगळवार काही न म्हणता निघालो, तरी आलोच ना?”

“पहिल्यांदा म्हणाला होतात,” क्षमा म्हणाली. “ते पुरलं इतके दिवस. आता संपलं असेल.”

पाळकसाहेबांना हसू आलं असतं, पण तिच्या तोंडाकडे पाहून ते आलं नाही. मग तिनं एकेक करून सगळं सांगितलं. मामाचं, मंडळीतल्या बायकांचं, फोरमनचं. शेवटी थांबली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

“आईपण म्हणाली नव्हती,” ती म्हणाली. “ती माझ्यावर रागावली होती.”

“कशावरून?”

“मी सकाळी डबा नेला नाही. परत मेथीच होती. मी म्हटलं, रोज रोज मेथी! दुसऱ्या मुलींच्या आया उसळ करतात. आणि डबा तिथंच ठेवून गेले. म्हणून ती मला येते म्हणाली नाही. म्हणून ती आली नाही.”

मुलांनो, मोठ्या माणसांजवळ अशा वेळी द्यायला पुष्कळ तयार उत्तरं असतात. पाळकसाहेबांजवळ तर पिशवीभर होती. ‘असं काही नसतं बाळा,’ असं म्हणून त्यांना तिच्या डोक्यावर हात ठेवता आला असता. ते खरंही होतं. पण ती ऐकून गप्प बसली असती आणि आपलं उत्तर आपल्याजवळच ठेवून घरी गेली असती. त्यांनी उत्तर गिळलं.

“रागावली होती की नव्हती, मला माहीत नाही,” ते म्हणाले. “मी तिथं नव्हतो. तिच्याबरोबर खाली टॅक्सीपर्यंत कोण गेलं होतं?”

“शेवंती आजी.”

“त्यांना कधी विचारलंस, आई काही बोलली का?”

“त्या बोट ठेवतात,” क्षमा म्हणाली आणि स्वतःच्या तोंडावर बोट ठेवून दाखवलं.

पाळकसाहेबांनी वाकून तिच्या पायावरची माती झटकली. मग उठले. “चल, आज आपण दोघं मिळून विचारू. आणि माझंही एक चुकलंय, ते वाटेत सांगतो. मी सगळ्यांचं बघत होतो, तुझं बघितलं नाही.”

शेवंती आजी दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. पाळकसाहेबांना पुन्हा वर आलेलं पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

“ह्या काय? पाद्रीबाबा परत? काय विसरलात?”

“विचारायचं विसरलो होतो. आजी, हे ‘येतो’ म्हणायचं नाही, ते किती दिवस असतं तुमच्यात?”

“तेराव्यापर्यंत. तेरावा झाला, सुतक सुटला, मग मोकळा.”

“आणि अनुपमाला जाऊन तर महिन्याच्या वर झालं.”

“ता माका म्हायत नाय काय?” आजींनी सूप खाली ठेवलं. “पण ह्यांच्यात तेरावा झालाच खंय? मी वाट बघतंय. ना बारावा, ना तेरावा, ना कोण सांगणारा. मी कुणाक विचारू? तुम्ही पण काय बोलला नाय. मी म्हटला, सुतक चालूच असतला. म्हणून बसलंय मी दार राखून!”

पाळकसाहेब उंबऱ्यातच खाली बसले. “आमच्यात तेरावं नसतं, आजी.”

“नसता?”

“नसतं. आणि तुम्ही म्हणाल तोवर पाळायचं, म्हणून मीही गप्प राहिलो.”

“अरे देवा,” आजी म्हणाल्या. “म्हणजे तुम्ही माझ्यासाठी गप्प, आणि मी तुमच्यासाठी?” त्यांनी क्षमाकडे पाहिलं. तिचा चेहरा पाहून त्यांचं हसू मध्येच थांबलं. “काय झाला गो चेडवा?”

क्षमानं पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. पण विचारायचं तिलाच होतं.

“आजी, खाली जाताना आई काही बोलली?”

आजींनी लगेच सूप उचललं आणि तांदूळ निवडू लागल्या. एक खडाही नसलेल्या जागी त्यांचं बोट खडे शोधत होतं.

“लहान पोरांनी असा विचारूचा नाय,” त्या हळूच म्हणाल्या.

“आजी,” पाळकसाहेब म्हणाले, “तिनं नाही विचारायचं तर कुणी विचारायचं?”

आजींनी सूप खाली ठेवलं, पदरानं डोळे पुसले आणि क्षमाला शब्दन् शब्द कळावा म्हणून तिच्या बोलीत बोलू लागल्या.

“टॅक्सीत बसवत होते तिला. श्वास लागत नव्हता. मी सांगत होते, बोलू नको गो, बोलू नको. तर माझा हात असा घट्ट धरला. म्हणाली, आजी, मटकी. मला कळेना. म्हटलं, काय गो? म्हणाली, भिजत घातलीय. एकेका शब्दाला केवढा श्वास काढायची. बांधून ठेवा फडक्यात, म्हणाली. क्षमूला रविवारी उसळ.” आजी थांबल्या. “मग टॅक्सी निघाली.”

क्षमा हलली नाही.

“मी घरी येऊन बघितलं, तर खरंच पातेलंभर मटकी. शेजारी तुझा मेथीचा डबा तसाच भरलेला. तो बघूनच दुपारी घातली असेल. मी शनिवारी बांधली. तोपर्यंत ती गेली होती, तरी बांधली. तिनं सांगितलं होतं ना. रविवारी एवढे एवढे मोड आले. टाकवेना. शिजवावीशी पण वाटेना. तुला वाढू कशी? काय सांगून वाढू? शेवटी खालच्या गवळ्याच्या शेळीला घातली, आणि घरी येऊन रडत बसले.”

“म्हणजे ती रागावली नव्हती?”

“रागावलेली माणसं मटकी भिजत घालतत काय गो, वेडे?”

आणि मग क्षमा रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान बाळासारखी. आजी तिला जवळ ओढून “गप, गप” म्हणू लागल्या. पाळकसाहेबांनी त्यांच्या हातावर हलकेच हात ठेवला. आजी गप्प बसल्या आणि तिला रडू देत नुसत्या पाठीवर थोपटत राहिल्या.

आवाज ऐकून शिवदास बाहेर आले होते. ते बोळातच उभे होते, भिंतीला हात लावून. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. ते आले आणि क्षमाशेजारी खाली बसले.

“तिची उसळ कशी व्हायची, सांगू?” थोड्या वेळानं ते म्हणाले. महिनाभर अनुपमाबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते. “जाळ! नाकातून पाणी. मी म्हणायचो, अगं, माणसं खाणार आहेत. तर म्हणायची, माणसांसाठीच केलीय, नगरच्या माणसांसाठी.”

“आणि वर मलाच सांगायची, आजी तुमच्या सांबाऱ्यात तिखट नाय,” आजी म्हणाल्या.

“आणि हसायला लागली की खोकायची,” क्षमा हुंदक्यामधून म्हणाली.

“आणि खोकता खोकता हसायची,” शिवदास म्हणाले.

असं बराच वेळ चाललं. पाळकसाहेब मधेमधे फक्त विचारत होते, मग? मग काय झालं? दिवे लागायची वेळ झाली. समोरच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला. क्षमाचे डोळे सुजले होते, पण आता तिला एक प्रश्न पडला होता, आणि प्रश्न पडला की ती आईसारखी भुवया आवळायची.

“पाळकसाहेब, रागावली नव्हती, तरी आई आली नाहीच. मग तिनं येते म्हटलं असतं तरी आली नसती?”

“नाही,” पाळकसाहेब म्हणाले. शिवदासनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. “नसती आली, बाळा. तिचा आजार मोठा होता. ‘येतो’ म्हटल्यानं कुणाला परत येता येतं असं नाही. आणि नाही म्हटलं म्हणून कुणी यायचं राहतं असंही नाही.”

“मग म्हणतात कशाला?”

पाळकसाहेबांनी विचार केला. “मनात काय आहे ते सांगायला. मला परत तुझ्याकडे यायचंय, एवढंच. तुझ्या आईला यायचं होतं. तिनं ते मटकीचं सांगून सांगितलं. रविवारची तयारी करून गेली ती.”

आजी म्हणाल्या, “मग मी सगळ्यांची तोंडं बंद केली, ता पाप झाला काय ओ, पाद्रीबाबा?”

“नाही आजी. तुम्ही या घराची राखण केलीत. फक्त कुणीतरी तुम्हाला सुटी द्यायला हवी होती, ती आम्ही दिली नाही.”

“मग मीच देतंय,” आजी म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “आजपासून सुटला सगळा.”

निघण्याआधी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. “प्रभू, अनुपमा तुझ्याजवळ आहे. हे तिघं इथं आहेत. यांना तिची आठवण मोठ्यानं काढता येऊ दे. आमेन.” आजींनी ‘तिघं’मध्ये आपल्याला धरलंय हे लक्षात येऊन हात जोडले.

मग पाळकसाहेब उठले, आणि सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

“म्हणा आता,” आजी म्हणाल्या. “अडवत नाय मी.”

“येतो, क्षमा,” पाळकसाहेब म्हणाले. “पुढच्या मंगळवारी. पण ऐक. कधी ताप आला, बस चुकली, दुसऱ्या कुणाच्या घरी जास्त गरज पडली, तर येणं होणार नाही. तेव्हा मी येणारच नाही असं समजू नकोस. यायचं मनात असेल.”

क्षमानं मान डोलावली. त्यांचं कपाळ आजींच्या दाराला आपटलं तेव्हा तिला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवदासनी डबा भरला. शेंगदाण्याची चटणी आणि दोन जाड पोळ्या, स्वतः केलेल्या. चप्पल घातली. क्षमा उंबऱ्यापाशी उभी होती. तिचा हात सवयीनं त्यांच्या शर्टाकडे गेला.

शिवदास वळले. त्यांनी तोंड उघडलं. कालचं सगळं बोलून झालं होतं, तरीही शब्द येईना. ते तसेच उभे राहिले, एका हातात डबा, दुसरा हात चौकटीवर, आणि खाली रस्त्यावरून साकीनाक्याच्या बसचा हॉर्न ऐकू आला.

क्षमानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते.

तिनं शर्ट सोडला.

“असू दे, बाबा,” ती म्हणाली. “कळलं मला. जा तुम्ही.”

ते गेले. पिठाच्या गिरणीपाशी त्यांनी मागे वळून पाहिलं, हात वर केला आणि वळले. क्षमा अजून उंबऱ्यावरच होती. बोळ रिकामा झाला. ती धावली नाही. थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग घरात गेली. स्टूल ओढलं, फडताळाच्या वरच्या फळीवरचे डबे एकेक उघडून हुंगले आणि त्यातला मटकीचा डबा खाली काढला. किती घ्यायची ते तिला माहीत नव्हतं. म्हणून तिनं सगळीच पातेल्यात ओतली. वर पाणी घातलं. पाणी काठावरून सांडून फरशीवर ओघळ गेला, आणि मटकी तर अजून फुगायची होती. मग ते जड पातेलं पोटाशी धरून, पाणी सांडत सांडत, ती शेजारच्या दाराशी गेली आणि दोन्ही हात गुंतलेले म्हणून पायानंच दार वाजवलं.

“आजी, तुमचं मोठं पातेलं द्या. आणि फडकं कसं बांधायचं ते दाखवा. बाबा यायच्या आत.”